गोळी दिलीत, पुढचंही सांगा

प्रति,
माननीय सार्वजनिक आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : हृदयाच्या लयीसाठी औषधं घेणाऱ्या ज्येष्ठांना त्या औषधांच्या दुष्परिणामांची माहिती, वेळेवर तपासण्या आणि सल्ला मिळण्याबाबत

महोदय,



हृदयाचे ठोके ताळ्यावर ठेवणाऱ्या गोळ्या आता तालुक्याच्या गावातही सहज मिळतात. चिठ्ठीवर गोळीचं नाव असतं, सकाळी एक की रात्री एक याची खूण असते आणि ‘ही आता कायमची’ असं डॉक्टरांनी तोंडी सांगितलेलं असतं. सहा महिन्यांनी कोणती रक्ततपासणी करायची, कोणत्या खोकल्याकडे दुर्लक्ष करायचं नाही, कोणती दुसरी गोळी हिच्याबरोबर चालत नाही, हे मात्र चिठ्ठीवर नसतं. पंच्याहत्तरीच्या माणसाला ते विचारायचं सुचतही नाही. पुढे त्याची भूक जाते, हात थरथरतात, पाऊल अडखळतं आणि घरातले म्हणतात, ‘वय झालं.’ हे दोन शब्द ऐकून ऐकून मी हे पत्र लिहायला बसलो आहे.

मी औषधविक्रेता. सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी एसटी स्टँडसमोर माझं मेडिकल होतं; आता ते मुलगा सांभाळतो. दुकानाच्या काउंटरवर कोपर टेकून माणसं डॉक्टरांना न सांगितलेल्या गोष्टी सांगतात. ‘गोळी घेतल्यापासून तोंडाला चवच नाही हो,’ हे डॉक्टरांपुढे बोलायचा धीर होत नाही, कारण बाहेर चाळीस माणसं थांबलेली असतात. आता मीही सत्तरी ओलांडली आहे आणि माझ्याही डब्यात ठोक्यांची एक गोळी आहे. म्हणजे काउंटरच्या दोन्ही बाजू मला माहीत आहेत.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. हे पत्र त्या गोळ्यांविरुद्ध नाही. म्हातारपणी हृदयाच्या वरच्या कप्प्यांची लय बिघडून ते नुसते थरथरत राहतात; डॉक्टर त्याला ॲट्रियल फिब्रिलेशन म्हणतात, रुग्ण म्हणतो छातीत धडधड होते, ठोका चुकतो. त्या कप्प्यात रक्त साकळतं, गुठळी मेंदूत जाते आणि अर्धांगवायू होतो. या विकारात अर्धांगाचा धोका सुमारे पाच पटींनी वाढतो, हे अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅम गावच्या दीर्घ अभ्यासातून पुढे आलं. म्हणून रक्त पातळ करणारी गोळी लागते आणि ठोके आवरणारी गोळीही लागते. त्यांनी हजारो माणसांना चालतं-बोलतं ठेवलं आहे. पण याच गोळ्यांना सर्वात जास्त देखरेख लागते आणि आपल्याकडे नेमकी तीच होत नाही.

अमिओडॅरोनचंच उदाहरण घेऊ. इजिप्तमधल्या एका रानटी वनस्पतीत सापडणाऱ्या खेलिन या द्रव्यावर काम करता करता बेल्जियमच्या लाबाझ कंपनीत १९६१च्या सुमाराला हे औषध तयार झालं. ते होतं छातीतल्या कळांसाठी. ते लयीवरही काम करतं हे १९७० साली ऑक्सफर्डमध्ये फिजीत जन्मलेले ब्रामा सिंग आणि त्यांचे गुरू व्हॉन विल्यम्स यांनी दाखवून दिलं. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं १९८५ साली त्याला परवानगी दिली ती जिवावर बेतणाऱ्या लयबिघाडांपुरती, तीही इतर औषधं लागू पडत नसतील तर, आणि पत्रकावर ठळक चौकटीतला इशारा छापायला लावून. आज जगभर ते वरच्या कप्प्यांच्या बिघाडासाठीही सर्रास दिलं जातं, कारण लय राखण्यात त्याचा हात धरणारं औषध नाही. आपल्या राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीतही ते आहे. त्याची गरज मान्य करूनच पुढचं सांगतो.

२०० मिलिग्रॅमच्या एका गोळीत सुमारे ७५ मिलिग्रॅम आयोडीन असतं. त्यातलं सहा-सात मिलिग्रॅम रोज शरीरात मोकळं होतं. माणसाची रोजची गरज आहे १५० मायक्रोग्रॅम. म्हणजे थायरॉइड ग्रंथीवर रोज गरजेच्या चाळीस पट आयोडीनचा मारा होतो. कुणाची ग्रंथी त्यानं मंदावते, कुणाची भडकते. मंदावली की माणूस सुस्त होतो, त्याला थंडी वाजते, शौचाला होत नाही, विसरायला होतं, चेहरा सुजल्यासारखा दिसतो. यातलं एकेक लक्षण म्हातारपणाच्या खात्यावर सहज मांडता येतं आणि तसंच ते मांडलं जातं. भडकली तर वजन उतरतं, हाताला कंप सुटतो आणि ज्या धडधडीसाठी गोळी सुरू केली तीच पुन्हा सुरू होते. मग कधी कधी त्याच गोळीचा डोस वाढवला जातो. टीएसएच नावाची साधी रक्ततपासणी दर सहा महिन्यांनी झाली, तर हे दोन्ही प्रकार वेळेत पकडता येतात.

यकृतावर परिणाम होतो, म्हणून तीही तपासणी सहा महिन्यांनी करायची असते. डोळ्याच्या बुबुळावर बारीक कण साठतात. दीर्घकाळ गोळी घेणाऱ्या जवळजवळ सगळ्यांच्याच डोळ्यांत ते सापडतात. बहुतेकांना त्याचा त्रास नसतो, काहींना रात्री दिव्याभोवती वलय दिसतं. पण नजर अचानक उतरली तर डोळ्याच्या नसेवर परिणाम झालेला असू शकतो आणि तेव्हा थांबून चालत नाही. त्वचा उन्हाला हळवी होते, काही वर्षांनी चेहऱ्यावर निळसर-करडी छटा येते. आणि हे औषध चरबीत साठतं. गोळी बंद केली तरी अंगातलं निम्मं औषध जायला सरासरी दोन महिन्यांच्या आसपास लागतात, कुणाला त्याहून कितीतरी जास्त. ‘चार दिवस बंद करून बघतो’ हा आपला लाडका घरगुती प्रयोग इथे काहीच सांगत नाही.

सर्वात धोक्याची बाजू फुप्फुसांची. अमिओडॅरोन काही रुग्णांच्या फुप्फुसांना सूज आणतं आणि ती वेळेत ओळखली नाही तर फुप्फुसं कायमची कडक होतात, जीवही जातो. वय आणि डोस जितका जास्त, तितका हा धोका वाढतो. त्याची सुरुवात होते कोरड्या खोकल्यानं आणि थोड्या धापेनं.

आता आपल्या गावात हा खोकला कुठून कुठे जातो ते पाहा. म्हातारा आधी आलं-मध घेतो. मग खोकला हटत नाही म्हणून दुकानात येतो. हंगाम बदललाय, सगळ्यांनाच खोकला आहे, म्हणून कुठल्या तरी दुकानातून त्याला तीन दिवसांचं ॲझिथ्रोमायसिन हे प्रतिजैविक मिळतं. चिठ्ठी कुणी मागत नाही. ॲझिथ्रोमायसिन स्वतःच हृदयाच्या विद्युत लयीचा एक टप्पा लांबवतं, अमिओडॅरोनही तोच टप्पा लांबवतं. दोघं एकत्र आली की क्वचित, पण जीवघेणी लय सुरू होऊ शकते. पोट बिघडलं म्हणून सोबत पित्ताची कॅप्सूल दिली जाते. तिच्यात बहुधा डोमपेरिडोन असतं आणि तेही याच जातीचं. युरोपच्या औषध नियामकानं २०१४ साली हृदयावरच्या धोक्यामुळे डोमपेरिडोनच्या वापरावर निर्बंध आणले. साठीपुढच्यांत हा धोका अधिक दिसतो, असंही नमूद केलं. आपल्याकडे ती कॅप्सूल दहा-दहाच्या पाकिटानं विकली जाते. ज्या खोकल्यासाठी छातीचा एक्स-रे काढायला हवा होता, त्या खोकल्यावर आणखी दोन धोके चढवले जातात. आणि यात कुणीही वाईट हेतूनं वागलेलं नसतं. प्रत्येकाला गोष्टीचा एकच तुकडा माहीत असतो.

दुसरं औषध डिगॉक्सिन. १७८५ साली इंग्लंडच्या विल्यम विदरिंग यांनी फॉक्सग्लोव्ह या झाडाच्या पानांवर पुस्तक लिहिलं, तिथून याचा वैद्यकीय इतिहास सुरू होतो. मात्रा जास्त झाली की मळमळतं आणि वस्तू हिरव्या-पिवळ्या दिसू लागतात, हेही त्यांनी तेव्हाच नोंदवून ठेवलं होतं. या औषधाची गुणकारी मात्रा आणि विषारी मात्रा अगदी शेजारी-शेजारी. ते बाहेर पडतं मूत्रपिंडातून आणि वयानुसार मूत्रपिंडाचं काम मंदावत जातं. म्हणून साठीत मानवलेला डोस ऐंशीत जास्त होतो, गोळी तीच असली तरी. आपल्याकडचे डॉक्टर ‘आठवड्यातून पाच दिवस, शनिवार-रविवार नाही’ असं लिहून देतात ते डोस बेताचा राहावा म्हणून. पण हे कारण सांगितलेलं नसतं, त्यामुळे सून काळजीपोटी शनिवारीही गोळी हातावर ठेवते.

डिगॉक्सिन अंगात साठू लागलं की पहिली जाते ती भूक. ‘जेवण नको वाटतं’ हे म्हाताऱ्या माणसाचं वाक्य ऐकून कुणी दचकत नाही. पाठोपाठ मळमळ, मग थोडी भ्रमिष्ट अवस्था. सोबत लघवीची गोळी चालू असेल तर तिच्यामुळे पोटॅशियम उतरतं आणि डिगॉक्सिनचा विषारीपणा वाढतो. खोकल्यासाठी तोंडात धरलेली ज्येष्ठमधाची कांडीही नेमानं चघळली तर पोटॅशियम उतरवते. जे घरात आजीच्या बटव्यातलं निरुपद्रवी म्हणून समजलं जातं, ते या एका गोळीबरोबर निरुपद्रवी राहत नाही. आणि अमिओडॅरोन नव्यानं सुरू केलं, तर डिगॉक्सिन साधारण निम्मं करावं लागतं. रक्त पातळ करणाऱ्या वॉर्फरिनचा डोस एक तृतीयांश ते निम्म्यानं उतरवावा लागतो. रुग्णाला एका शहरातल्या डॉक्टरनं एक लिहिलेलं असतं, दुसऱ्या शहरातल्यानं दुसरं. दोन चिठ्ठ्या एकत्र वाचणारं कुणी नसतं.

मेटोप्रोलॉल, बिसोप्रोलॉल या त्या मानानं साध्या गोळ्या. माझी आहे ती याच घराण्यातली. त्यांनी थकवा येतो, हातपाय गार पडतात, नाडी फार मंद होते. मधुमेह्याची साखर उतरली की जी थरथर आणि धडधड त्याला सावध करते, ती या गोळ्या झाकतात. घाम मात्र येतो. तेवढी एक खूण लक्षात ठेवली तरी रात्रीत जीव वाचतो. या गोळ्या एकदम बंद केल्या तर छातीत कळ येण्यापासून झटक्यापर्यंत काहीही होऊ शकतं. ठोके आवरणाऱ्याच डिल्टियाझेमनं घोटे सुजतात, व्हेरापामिलनं शौचाला घट्ट होतं. घोट्याची सूज पाहून कुणी लघवीची गोळी सुरू करतं, लघवीच्या गोळीनं पोटॅशियम उतरतं, रात्री तीनदा उठावं लागतं, अंधारात चक्कर येऊन माणूस न्हाणीघरात पडतो आणि खुब्याचं हाड मोडतं. घरात सांगितलं जातं : पाय घसरला. एका औषधाच्या त्रासाला नवा आजार समजून त्यावर दुसरं औषध देणं, या साखळीबद्दल पॉला रोशॉन आणि जेरी गुरविट्झ या डॉक्टरांनी १९९७ सालीच सविस्तर लिहून ठेवलं आहे. त्यावरचा उपाय त्यांनी सांगितला तो सोपा आहे : म्हाताऱ्या माणसाला नवं लक्षण दिसलं की ते आधीच्या औषधामुळे तर नाही ना, हा प्रश्न पहिल्यांदा विचारायचा.

या सगळ्यावर मला नेहमी एक उत्तर मिळतं. दुष्परिणाम सांगितले तर रुग्ण घाबरतो आणि गोळीच सोडतो. काउंटरमागे मी जे पाहिलं ते याच्या उलट आहे. ज्याला काही सांगितलेलं नसतं, तो त्रास झाल्यावर गोळी गुपचूप सोडतो आणि डॉक्टरांना ‘घेतोय की’ म्हणतो. ज्याला आधी सांगितलेलं असतं की महिनाभर थकवा जाणवेल, मग सवय होईल, तो महिना काढतो. आणि नुसत्या ईसीजीवर विसंबून चालत नाही, हा धडाही जुना आहे. १९८९ साली अमेरिकेतल्या ‘कास्ट’ या चाचणीत असं दिसलं की, झटका येऊन गेलेल्या रुग्णांचे चुकार ठोके फ्लेकेनाइड आणि एन्केनाइडनं कागदावर छान आवरले, पण त्या गोळ्या घेणाऱ्यांतच मृत्यू जास्त झाले. त्यानंतर जगभरच्या डॉक्टरांनी आपली पद्धत बदलली. कागदावरची रेघ सुधारली तरी माणूस कसा आहे, हे माणसालाच विचारावं लागतं.

तेव्हा माझी पहिली मागणी एका पानाची आहे. सरकारी रुग्णालयांच्या औषधखिडकीवरून लयीची गोळी देताना तिच्यासोबत ठळक अक्षरांत छापलेलं मराठी पान द्यावं. गडचिरोली-नंदुरबारसारख्या भागांत चित्रांसह आणि तिथल्या बोलींत. युरोपात औषधाच्या खोक्यात रुग्णाला कळेल असं पत्रक घालावंच लागतं, तेही त्या-त्या देशाच्या भाषेत. अमेरिकेत अमिओडॅरोन देताना दुकानदाराला रुग्णाच्या हातात माहितीपत्रक ठेवावंच लागतं. आपल्याकडे ऑगस्ट २०२३पासून ३०० प्रमुख ब्रँडच्या वेष्टनावर क्यूआर कोड आला, पण त्यात मिळतं ते उत्पादकाचं नाव, बॅच, मुदत, परवाना क्रमांक. औषध खरं आहे का, हे त्यातून कळतं. ते घेऊन काय होईल, हे कळत नाही. वेष्टनाचे नियम दिल्लीचे आहेत, मला माहीत आहे. पण आपल्याच खिडकीवरून आपलाच कागद द्यायला दिल्लीची परवानगी लागत नाही.

त्या पानावर काय असावं याचा मसुदाही देतो. जाणकारांनी तो तपासावा, सुधारावा. हे पत्र वाचणाऱ्या ज्येष्ठांनाही तोवर त्याचा उपयोग होईल.

गोळी आपल्या मनानं बंद करू नका, डोस कमी-जास्त करू नका. एखादी राहिली तर पुढच्या वेळी दोन घेऊ नका.

रोज एकदा नाडी मोजा. पाच मिनिटं शांत बसा, मनगटावर अंगठ्याच्या बाजूला दोन बोटं ठेवा आणि पूर्ण एक मिनिट मोजा. लय अनियमित असेल तर पंधरा सेकंदांना चारनं गुणून भागत नाही. तुमच्यासाठी किती ठोके कमी आणि किती जास्त, हे दोन आकडे डॉक्टरांकडून लिहून घ्या. साधारणपणे नाडी ५०च्या खाली आणि सोबत चक्कर, असं असेल तर त्याच दिवशी दाखवा.

अंथरुणातून एकदम उठू नका. आधी बसा, पाय खाली सोडून थोडा वेळ थांबा, मग उभे राहा. रात्री न्हाणीघरापर्यंत दिवा ठेवा.

अमिओडॅरोन रोज एकाच पद्धतीनं, शक्यतो जेवणासोबत घ्या; मळमळ कमी होते. ग्रेपफ्रूटचा रस त्यावर चालत नाही. त्याच कुळातलं कोकणातलं पपनस खात असाल तर डॉक्टरांना विचारा. उन्हात जाताना पूर्ण बाह्यांचा सदरा घाला, मान आणि कान झाकेल असं उपरणं घ्या. गांधी टोपी कान झाकत नाही. खिडकीच्या काचेतून येणारं ऊनही त्वचेला पुरेसं असतं.

नवा कोरडा खोकला, वाढती धाप, नजर अचानक कमी होणं, डोळे-लघवी पिवळी होणं, भूक पूर्ण जाणं, वस्तू पिवळ्या दिसणं, भोवळ येऊन पडणं : यातलं काहीही झालं तर ‘मी लयीची गोळी घेतो’ हे वाक्य डॉक्टरांना सर्वात आधी सांगा. अमिओडॅरोन बंद करून काही महिने झाले असले तरी सांगा. शुद्ध हरपली, छातीत दुखू लागलं, तोंड वाकडं झालं तर १०८ला फोन करा.

शौचाला त्रास असेल तर पाणी, फळं, चालणं. इसबगोल घेत असाल तर डिगॉक्सिनच्या गोळीत आणि त्यात दोन तासांचं अंतर ठेवा. रक्त पातळ करणारी गोळी घेत असाल तर गुडघेदुखीवर दुकानातून वेदनाशामक घेऊ नका. ॲसिट्रॉम किंवा वॉर्फरिन चालू असेल तर मेथी-पालक सोडू नका, पण आठवड्याचं प्रमाण सारखं ठेवा.

खिशात सगळ्या औषधांची यादी ठेवा. तिच्यात काढे, चूर्णं आणि डोळ्यांचे थेंबही लिहा. काचबिंदूसाठीचे टिमोलॉलचे थेंब रक्तात उतरून नाडी मंद करतात, हे डोळ्यांच्या आणि हृदयाच्या अशा दोन्ही डॉक्टरांना माहीत असतं; तुम्ही दोन्हीकडे जाता हे मात्र दोघांनाही माहीत नसतं.

माझी दुसरी मागणी तपासण्यांची. अमिओडॅरोन घेणाऱ्याच्या केसपेपरवर पुढच्या टीएसएच आणि यकृताच्या तपासणीची तारीख शिक्क्यानं उमटावी, वर्षातून एकदा ईसीजी आणि छातीचा एक्स-रे व्हावा. डिगॉक्सिन घेणाऱ्याचं क्रिएटिनिन आणि पोटॅशियम नियमित तपासलं जावं. महात्मा फुले जन आरोग्य योजना मुख्यतः दाखल होणाऱ्या रुग्णांसाठी आहे. दाखल व्हायची वेळच येऊ नये म्हणून लागणाऱ्या या छोट्या तपासण्या ग्रामीण रुग्णालयात, ठरलेल्या वारी आणि मोफत मिळाव्यात. तपासणीसाठी जिल्ह्याला जायचं तर एका नातेवाइकाचा रोज बुडतो. म्हणून ती राहून जाते.

तिसरी मागणी माझ्याच व्यवसायाकडून आहे. फार्मसी प्रॅक्टिस रेग्युलेशन्स २०१५नुसार नोंदणीकृत फार्मासिस्टनं रुग्णाला औषधाची माहिती आणि सल्ला देणं अपेक्षित आहे. अन्न व औषध प्रशासन दुकानात येतं ते बिलबुकं आणि फ्रीज बघायला. त्यांनी एकदा हेही विचारावं की चिठ्ठीशिवाय प्रतिजैविक कसं गेलं आणि अमिओडॅरोन घेणाऱ्याला तुम्ही काय सांगितलंत. माझ्या व्यवसायबंधूंना हे आवडणार नाही. तरीही ते विचारलं जावं.

चौथी मागणी दुष्परिणामांच्या नोंदीची. देशात २०१०पासून औषधसुरक्षा कार्यक्रम चालू आहे. गाझियाबादची इंडियन फार्माकोपिया कमिशन ही संस्था त्याचं केंद्र आहे. १८००-१८०-३०२४ या मोफत क्रमांकावर रुग्ण स्वतःही औषधाचा त्रास कळवू शकतो. हा क्रमांक किती ज्येष्ठांना माहीत आहे? तो प्रत्येक सरकारी औषधखिडकीवर आणि प्रत्येक मेडिकलच्या काउंटरवर मराठीत लावलेला असावा. आपल्या माणसांच्या अंगावर काय उमटतं ते नोंदलं गेलं नाही, तर आपण कायम परदेशातल्या रुग्णांच्या अनुभवावरून आपले डोस ठरवत राहू.

शेवटची मागणी बिनखर्चाची. दरवर्षी १ ऑक्टोबरला जागतिक ज्येष्ठ नागरिक दिन साजरा होतो. शाल, श्रीफळ, भाषणं होतात. त्या आठवड्यात राज्यातल्या प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात ज्येष्ठांनी घरातली सगळी औषधं पिशवीत घालून आणावीत आणि डॉक्टर-फार्मासिस्टनं ती पिशवी टेबलावर रिकामी करून बघावी. मुदत संपलेल्या, दुबार झालेल्या, एकमेकींशी न पटणाऱ्या गोळ्या तिथेच बाजूला निघतील. त्यानंतर शाल द्यायला हरकत नाही.

२०११च्या जनगणनेत या राज्यात साठीपुढचे १ कोटी ११ लाख लोक होते. आता ते नक्कीच वाढले आहेत. त्यांतल्या ज्यांच्या डब्यात लयीची गोळी आहे, त्यांना होणारा बराचसा त्रास आधी सांगता येण्यासारखा, वेळेत पकडता येण्यासारखा आणि डोस बदलून कमी करता येण्यासारखा आहे. महोदय, येत्या १ ऑक्टोबरच्या आधी निदान ते एक पान छापून खिडक्यांवर पोहोचवा. आणि आपल्या डॉक्टरांना एक लेखी सूचना द्या : म्हाताऱ्या माणसाच्या केसपेपरवर ‘वयोमानानुसार’ हा शेरा लिहिण्याआधी त्याच्या गोळ्यांची यादी वाचावी.

कळावे,

आपला नम्र,
एक निवृत्त औषधविक्रेता
जिल्हा सांगली